मॉनिटरचे प्रामाण्य

१. दोन मते, एक दोष

ज्या बंगळुरात दिवसभर संगणकाच्या आज्ञावली लिहिणारा तरुण रात्री आपल्या भाड्याच्या घरातील एका खोलीत गाणे ध्वनिमुद्रित करतो, त्याचे मिक्सिंग स्वतःच करतो आणि पहाटेपर्यंत ते जगापुढे ठेवून मोकळाही होतो, त्या बंगळुरात स्टुडिओ-मॉनिटरच्या निवडीचा विषय निघाला की संभाषण फार लवकर किमतीपाशी येऊन थांबते. महागडा मॉनिटर खरे बोलतो, मध्यम किमतीचा निम्मे खरे बोलतो आणि स्वस्त मॉनिटर सरळ फसवतो, अशी उतरंड सर्वांनी जणू मान्य केलेली असते. आणि ज्याच्या गाठीशी पाच-सहा लाख रुपये जमले त्याने ते फिनलंडच्या जेनेलेकवर खर्चावेत, इंग्लंडच्या एटीसीवर किंवा पीएमसीवर, जर्मनीच्या नॉयमनवर की फ्रान्सच्या फोकालवर, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो, अशी समजूत असते. या मताच्या विरुद्ध टोकाला दुसरे एक मत उभे आहे. ते अधिक पोक्त दिसते आणि म्हणूनच अधिक घातक आहे. कान तयार असला की स्पीकर कोणताही चालतो, थोर ध्वनिमुद्रकांनी सामान्य स्पीकरवर असामान्य कामे करून दाखवली, तेव्हा यंत्राचा बाऊ करू नये, असे ते मत सांगते.

ही दोन मते परस्परांची वैरी दिसत असली तरी त्यांचे कुळ एकच आहे. पहिल्याने सगळे श्रेय पेटीच्या खाती टाकले, दुसऱ्याने कानाच्या. परंतु पेटीतून निघालेला नाद कानापर्यंत पोचेपर्यंत ज्या चार भिंतींत आणि एका छताखाली वावरतो, त्या जागेची नोंद दोघांच्याही हिशेबात नाही. हा हिशेबच मुळात चुकीच्या वहीत मांडला गेला आहे, असे दाखवण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

२. प्रमेय

ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते, या प्रश्नावर आपल्याकडील दर्शनकारांत जुना वाद आहे. मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते. ते उपजतच खरे असते आणि खोटे ठरवायचे असेल तर बाहेरून पुरावा आणावा लागतो. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून, सिद्ध होते: दूरवर पाणी दिसले, मनुष्य तिकडे गेला, प्याला आणि तहान भागली, तेव्हा ते दिसणे खरे होते असे ठरले; प्रवृत्ती सफल झाली म्हणून ज्ञान प्रमाण ठरले. या वादात वेदाच्या बाबतीत कोणी कोणता पक्ष घ्यावा हे ज्याचे त्याने पाहावे. मॉनिटरच्या बाबतीत मात्र मी निःसंशय नैयायिक आहे.

महागडा मॉनिटर विकत घेणारा गृहस्थ नकळत मीमांसकाची भूमिका घेतो. या पेटीतून जे ऐकू येते ते खरेच, कारण पेटी उत्तम आहे, असे तो मानतो. माझे प्रमेय याच्या विरुद्ध आहे. मॉनिटरचे प्रामाण्य त्याच्या अंगी नसते. खोली, मांडणी, ऐकण्याची पातळी आणि कानाचा परिचय या चौघांच्या साहाय्याने त्याच्यावर केलेले मिक्स जेव्हा घराबाहेर, मोटारीत, मंगल कार्यालयात, इअरफोनमध्ये आणि परक्या माणसाच्या दिवाणखान्यात टिकते, तेव्हाच त्याला प्रामाण्य लाभते. यावरून निवडीचा क्रम निघतो, आणि तो प्रचलित क्रमाच्या नेमका उलटा आहे: प्रथम खोली, मग जागा, मग पातळी, आणि सर्वांत शेवटी पेटी. उत्तम पेटीला किंमत नाही असे मी म्हणत नाही. तिची किंमत वसूल होण्यासाठी आधीची तीन कलमे पुरी व्हावी लागतात, एवढेच माझे म्हणणे आहे.

३. पहिली पायरी: खोलीचा अंमल

बंगळुराच्या वसाहतींत तीस फूट बाय चाळीस फुटांचा भूखंड हे इतके रूढ माप आहे की सामान्य माणसाच्या घराची कल्पना त्याच मापात बसवलेली असते. आणि अशा घरात स्टुडिओसाठी जी खोली मोकळी होते ती बहुधा दहा बाय बाराची असते, वर छतही दहा फुटांच्या आसपास. या खोलीचे गणित अगदी सोपे आहे. नादाचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला, तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लहर नेमकी मावेल असा स्वर बारा फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झचा येतो. उंचीही दहाच फूट असल्याने ५६ हर्ट्झचा स्वर दोनदा मोजला जातो. रुंदी आणि उंची संगनमत करून एकाच स्वराला उचलून धरतात. (हे शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच आहे, म्हणून येथील विरळ हवेत नाद वेगळ्या वेगाने जात असेल अशी शंका काहींना येते. ती निराधार आहे. वेग हवेच्या उष्णतेवर अवलंबून असतो, दाबावर नाही. हे कोष्टक पुण्याच्या खोलीलाही तसेच लागू पडते.)

आता मिक्स करणारा मनुष्य या खोलीत बसतो कोठे? सोयीने, मध्यावर. आणि खोलीचा मध्य हे असे ठिकाण आहे की जेथे या पहिल्या उभ्या लहरींचा दाब जवळजवळ शून्य असतो, तर भिंतीपाशी तो शिगेला पोचतो. म्हणजे या माणसाच्या कानाला ४७ आणि ५६ हर्ट्झ यांच्या आसपासचा खर्ज ऐकूच येत नाही. तो स्वाभाविकपणे खर्ज वाढवतो; खोलीत गाणे समतोल वाटू लागते; दुसऱ्या दिवशी तेच गाणे मित्राच्या मोटारीत वाजवले की दारे थरथरतात आणि गायिकेचा शब्द त्या गडगडाटात बुडून जातो. मग दोष मॉनिटरला दिला जातो आणि अधिक महागडा मॉनिटर मागवला जातो. तो येतो, त्याच मध्यावरच्या खुर्चीसमोर बसतो, आणि तोच खर्ज त्याच ठिकाणी त्याच प्रकारे नाहीसा होतो. कारण लहरीने पेटीवरील नाव वाचलेले नसते.

मान्फ्रेड श्रोडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९५४ साली खोलीच्या या अंमलाची सरहद्द आखून दिली. तिच्या खाली खोलीचे सुटे सुटे स्वर राज्य करतात. तिच्या वर ते इतके दाट होतात की त्यांची वेगळी सत्ता उरत नाही. सुमारे ३४ घनमीटरांच्या आपल्या दहा-बाराच्या खोलीत ही सरहद्द दोनशे ते अडीचशे हर्ट्झच्या आसपास पडते. या सरहद्दीच्या खाली काय काय राहते याची मोजदाद केली तर परिस्थितीचे गांभीर्य कळेल: डग्ग्याचा घुमारा, पखवाजाच्या डाव्या अंगाची थाप, किक ड्रमचा गाभा, बेस गिटारचे बहुतेक मूळ स्वर, आणि काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार, जिचा मूळ स्वर ६९ हर्ट्झ आहे. एवढ्या सगळ्या मुलखात मॉनिटर हा केवळ नावाचा मालक असतो. वहिवाट खोलीची असते.

आपल्याकडील बांधकामाची त्यात भर पडते. अमेरिकेतील घरांच्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या पातळ भिंती खर्ज काही अंशी गिळतात आणि काही अंशी बाहेर जाऊ देतात. बंगळुरातील भिंत काँक्रीटच्या भरीव ब्लॉकची, छत सिमेंट-सळईचे, जमीन ग्रॅनाइटची किंवा चकचकीत फरशीची. आत शिरलेला खर्ज बाहेर पडायला वाट नाही. भिंतींवर दोन इंची फोम चिकटवला की खोली स्टुडिओ झाली, ही समजूत तर दयनीय आहे, आणि अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेविषयी न बोललेलेच बरे. सच्छिद्र वस्तू नादाला चांगल्या प्रकारे शोषते ती लहरीच्या चौथ्या हिश्श्याइतकी जाडी किंवा भिंतीपासून तितके अंतर मिळाले तर. ५० हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा १.७ मीटर भरतो. दोन इंची फोम फक्त वरचे स्वर गिळतो, खोली कोंदट करतो आणि खर्जाला जसाच्या तसा सोडून देतो, म्हणजे असमतोल होता त्याहून वाढवतो. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे जाड थर, त्यांच्या मागे हवेची मोकळी जागा, बाजूच्या भिंतींवर आणि छतावर जेथून पहिला पडसाद कानावर येतो तेथे चार ते सहा इंचांची शोषक फळी, ही तजवीज दिसायला ओबडधोबड आहे आणि छायाचित्रात तिची शोभा नाही, पण मॉनिटरपेक्षा ती मिक्सवर अधिक परिणाम करते.

पूर्वी स्टुडिओ म्हणजे प्रथम वास्तू असे, यंत्रे तीत मागाहून येत. कन्नड चित्रपटांची गाणी मद्रासला जाऊन मुद्रित होत त्या काळानंतर, मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेल्या शंकर नाग यांनी बंगळुरात 'संकेत' हा ध्वनिमुद्रण-स्टुडिओ उभारला, तेव्हा या शहराला मिळाली ती प्रथम एक कामाची जागा होती. १९९० साली नाग अकाली गेले. त्यानंतरच्या काळात क्रम उलटला: आज यंत्र कुरिअरने आधी येते आणि खोली त्याच्या मागे शोधली जाते.

४. दुसरी पायरी: जागा आणि पातळी

खोली सुधारली तरी मॉनिटर कोठे ठेवायचा हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर सौंदर्यदृष्टीवर सोपवता येत नाही. मॉनिटरच्या मागची भिंत त्याच्या तोंडापासून एक मीटरवर असेल, तर मागे गेलेला खर्ज भिंतीवरून परतताना दोन मीटर अधिक चालतो, आणि सुमारे ८६ हर्ट्झच्या स्वराला हे अंतर नेमके अर्ध्या लहरीइतके भरते. थेट आलेला नाद आणि परतलेला नाद एकमेकांना खोडून काढतात. येथे दोन उपाय खरे आहेत. एक, पेटी भिंतीला जवळजवळ टेकवावी, म्हणजे ही खोडाखोड वरच्या स्वरांकडे ढकलली जाते, जेथे स्पीकर मागे कमी फेकतो आणि शोषक थर उपयोगी पडतो. दुसरा, मोठ्या स्टुडिओंत करतात तसा, मॉनिटर भिंतीतच बसवावा. 'भिंतीपासून दूर ठेवा' हा सरसकट दिला जाणारा सल्ला छोट्या खोलीत अनेकदा उपद्रवीच ठरतो.

पातळीविषयी थोडक्यात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज हळू असताना कान खर्जाला मंद होतो. म्हणून जो आज मोठ्याने आणि उद्या हळू ऐकत मिक्स करतो, त्याच्या हातात दोन वेगळे मॉनिटर आहेत असेच म्हणावे लागेल. छोट्या खोलीत ७५ ते ८० डेसिबलच्या दरम्यान एक पातळी ठरवून, मुठीवर खूण करून, तीवर टिकून राहणे, याला एक पैसाही लागत नाही. म्हणूनच बहुधा ते कोणी करत नाही.

५. तिसरी पायरी: पेटीत पैसा कशासाठी असतो

इतके झाल्यावरच मॉनिटरविषयी बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो, आणि येथे दुसऱ्या मताच्या, म्हणजे 'काहीही चालते' म्हणणाऱ्यांच्या, परामर्शाची वेळ येते. दोनशे हर्ट्झच्या वर पेटीची सत्ता सुरू होते, आणि तेथे चांगल्या आणि वाईट पेटीतील फरक खरा, मोजता येणारा आणि भारतीय संगीताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

या महत्त्वाचा पुरावा याच शहरात तयार झाला. सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात असताना १९२० साली मृदंग आणि तबला यांच्या नादाचा प्रश्न हाती घेतला होता; १९३३ साली ते बंगळुरात भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले आणि १९३४ साली येथे स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात त्यांनी भारतीय तालवाद्यांवरील निबंध प्रसिद्ध केला. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर परस्परांशी पूर्णांकाच्या नात्यात नसतात, म्हणून ढोल बडवल्यावर निश्चित स्वर मिळत नाही. परंतु तबल्यावरील शाईच्या थराने कातड्याचा भार असा वाटला जातो की ते उपस्वर पूर्णांकी नात्याजवळ येऊन बसतात, आणि म्हणून तबला स्वराला लावता येतो. रामन यांनी कातड्यावर बारीक वाळू पसरून कंपनाच्या या रीती डोळ्यांना दिसतील अशा केल्या. तानपुऱ्याच्या घोडीच्या वक्र पृष्ठभागावर तार घासत असल्यामुळे निर्माण होणाऱ्या जव्हारीचाही त्यांनी त्याआधी विचार केला होता. तात्पर्य, आपल्या वाद्यांचे वैशिष्ट्य मूळ स्वरापेक्षा उपस्वरांच्या नात्यात आहे.

आता सामान्य मॉनिटरचे शरीर पाहा. सहा-आठ इंचांचा वूफर आणि एक इंचाचा ट्विटर यांच्यात कामाची वाटणी बहुधा दोन हजार हर्ट्झच्या आसपास होते, म्हणजे जेथे जव्हारीची झिलई, गायिकेच्या व्यंजनांची धार आणि तबल्याच्या चाटेची किनार एकत्र नांदतात त्याच मुलखातून ही सरहद्द जाते. वूफर त्या उंचीवर पोचेपर्यंत नाद समोर एकवटू लागलेला असतो आणि ट्विटर तो सर्वत्र पसरत असतो. कान अक्षावर असेपर्यंत हे खपते, पण भिंतींवरून येणारा पडसाद वेगळ्याच रंगाचा असतो. पैसा येथे कामी येतो. एटीसीचा १९७० च्या दशकात घडवलेला तीन इंची मऊ डोम सुमारे ४०० पासून ३५०० हर्ट्झपर्यंतचा सगळा मुलूख एकटा सांभाळतो, आणि गाण्याच्या ऐन गाभ्यातून कोणतीही सरहद्द जात नाही. टॅनॉयने १९४७ सालीच ट्विटर वूफरच्या पोटात बसवून दोघांना एका केंद्रातून बोलायला लावले. जेनेलेकच्या अलीकडील समाक्ष मॉनिटरांत तीच कल्पना नव्या कौशल्याने साधलेली आहे. या दोन मार्गांपैकी कोणता निवडावा हे सांगायला मी कचरणार नाही: लहान खोलीत, जेथे कान पेटीपासून हातभर-दोन हातांवर असतो, तेथे समाक्ष रचना, मोठ्या, नीट बांधलेल्या खोलीत तीन वाटण्यांची डोमची रचना. पीएमसीच्या पेटीतील लांब नागमोडी मार्गातून काढलेल्या खर्जाची ख्याती रास्त आहे, परंतु दहा-बाराच्या खोलीत तो खर्ज म्हणजे गैरसोयीचा पाहुणा होय.

६. एनएस-टेनचा विपरीत अर्थ

'काहीही चालते' या मताचा लाडका दाखला म्हणजे यामाहाचा एनएस-टेन. १९७८ साली तो घरगुती ऐकण्यासाठी बाजारात आला, घरगुती गिऱ्हाइकांना फारसा रुचला नाही, आणि मग बॉब क्लियरमाउंटनसारख्या मिक्सिंग करणाऱ्यांनी त्याला जवळ केल्यावर त्याचा पांढरा वूफर जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलावर दिसू लागला. त्याचा ट्विटर इतका टोचे की काहीजण त्यावर टिश्यू कागद लावत. १९८७ साली स्टुडिओसाठी वेगळी आवृत्ती निघाली आणि २००१ साली उत्पादन बंद झाले. यावरून लोक असा निष्कर्ष काढतात की वाईट स्पीकरवर चांगले काम होते, किंबहुना वाईट स्पीकरवरच होते.

हा निष्कर्ष तपशील न पाहता काढलेला आहे. २००१ साली फिलिप न्यूवेल आणि साउदॅम्प्टन विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी हा स्पीकर इतर अनेक मॉनिटरांशेजारी ठेवून मोजला, तेव्हा असे आढळले की त्याचा स्वरालेख वाकडा असला तरी कालातील त्याचे वर्तन फार शिस्तीचे आहे. तो बंद पेटीचा होता. हवेसाठी भोक ठेवून खर्ज लांबवण्याची युक्ती त्यात नव्हती, म्हणून स्वर थांबला की तो थांबे, मागे रेंगाळत नसे, आणि त्याची विकृतीही कमी होती. बेस आणि किक ड्रम यांचे परस्पर नाते त्यावर स्पष्ट दिसे. म्हणजे त्या थोर माणसांनी वाईट स्पीकर निवडला नव्हता; एका गुणात असामान्य असलेला स्पीकर त्यांनी कानाने ओळखला होता, आणि तो गुण बाजारातील जाहिरातपत्रात त्या वेळी छापला जात नव्हता. आजही छापला जात नाही. स्वस्त मॉनिटरांत खालचा खर्ज आकड्यात दाखवण्यासाठी भोकाचा जो सर्रास आश्रय घेतला जातो, त्याने पाच-दहा हर्ट्झ कमावले जातात आणि हा गुण गमावला जातो.

त्याच १९७८ साली फिनलंडच्या ईसाल्मी गावी जेनेलेक ही कंपनी तेथील राष्ट्रीय नभोवाणीच्या गरजेतून जन्मली. आणि त्याआधी काही वर्षे बीबीसीने बाहेरच्या ध्वनिक्षेपणासाठी लागणाऱ्या मोटारगाडीच्या चिंचोळ्या जागेकरिता एलएस-तीन-पाच-ए हा चिमुकला मॉनिटर घडवला होता. या दोन्ही उदाहरणांत आधी जागा आणि काम ठरले, मग पेटी बनली.

७. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: खोली दुरुस्त करणारी संगणकीय साधने आता उपलब्ध आहेत, मायक्रोफोनने मोजावे आणि साधनाने सर्व सपाट करावे, मग रॉकवूलचे ओझे कशाला? ही साधने उपयुक्त आहेत, आणि खर्जाचे जे उंचवटे असतात ते उतरवण्याचे काम ती उत्तम करतात. परंतु जेथे दोन लहरी एकमेकांना खोडतात तेथे स्वर दहा डेसिबलने वाढवायला दहापट शक्ती ओतावी लागते, आणि वाढलेली थेट लहर तितक्याच वाढलेल्या पडसादाने पुन्हा खोडली जाते. हे फुटक्या घड्यात पाणी भरणे आहे. शिवाय दुरुस्ती होते ती मायक्रोफोनच्या एका ठिकाणापुरती. खुर्ची हातभर सरकली की निकाल बदलतो.

दुसरा आक्षेप: उत्तम हेडफोन घेतला तर खोलीचा प्रश्नच मिटतो. मिटतो खरा, पण त्याच्याबरोबर आणखीही काही मिटते. डाव्या स्पीकरचा नाद उजव्या कानाला आणि उजव्याचा डाव्याला जो थोडा उशिरा पोचतो तो हेडफोनमध्ये पोचत नाही. त्यामुळे गायक डोक्याच्या आत जाऊन बसतो आणि वाद्यांच्या डाव्या-उजव्या मांडणीचा अंदाज फसतो. ज्याला खोली सुधारणे अशक्य आहे, कारण घरमालक भिंतीला एक खिळाही ठोकू देत नाही, त्याने महागड्या मॉनिटरऐवजी हेडफोन घ्यावा हे मी मान्य करतो. हा आक्षेप माझ्या प्रमेयाला बळकटी देतो, धक्का देत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत भारदस्त आहे. श्रोता जर नम्म मेट्रोत उभा राहून इअरफोनमध्ये किंवा स्वयंपाकघरात फोनच्या इवल्या स्पीकरवर गाणे ऐकणार असेल, तर इतक्या अचूकतेचा खटाटोप कोणासाठी? उत्तर असे की श्रोत्यांची साधने सदोष असली तरी ती एकाच दिशेने सदोष नसतात. फोनला खर्ज नसतो, मोटारीत तो अतोनात असतो, एक इअरफोन चमक वाढवतो, दुसरा ती दाबतो. या सर्व दोषांच्या मध्यभागी उभा राहून केलेले मिक्स सर्वांपासून सारख्याच अंतरावर राहते. एखाद्या एका दोषाच्या मापाने केलेले मिक्स त्या दोषाखेरीज सर्वत्र चुकते. फोनवर ऐकून तपासावे, अवश्य तपासावे. पण फोन हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा. जाहिरातीचे जिंगल करवून घेणारा ग्राहक किंवा चित्रपटाचा निर्माता स्टुडिओत पाऊल टाकतो तेव्हा तो कोपऱ्यातील रॉकवूल पाहत नाही. समोरच्या पेटीचे नाव पाहतो. हे खरे आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. वकिलाच्या दिवाणखान्यातही ग्रंथांच्या रांगा असतात. फक्त तो खर्च दर्शनी शोभेच्या खात्यावर टाकावा, नादाच्या खात्यावर नव्हे. दोन्ही खाती एकत्र केली की मालक स्वतःच आपल्या शोभेला प्रमाण मानू लागतो, आणि तेथून मिक्सची घसरण सुरू होते.

एका बाबतीत मात्र महागड्या पेटीची बाजू घ्यावी लागते. डॉल्बी ॲटमॉसच्या ७.१.४ मांडणीत भोवती सात, छतावर चार आणि एक सबवूफर, असे बारा स्पीकर लागतात, आणि ते एकाच कुळातील, एकाच वर्तनाचे असावे लागतात. नाहीतर छतावरून समोर येणारा स्वर वाटेत रंग बदलतो. बंगळुराचे रिकी केज यांना स्टुअर्ट कोपलंड यांच्यासह 'डिव्हाइन टाइड्स'साठी २०२३ साली सर्वसमावेशक ध्वनीच्या विभागात ग्रॅमी मिळाले, त्यामुळे या शहरातल्या अनेकांच्या मनात ही मांडणी भरली आहे. पण बारा पेट्यांसाठी दहा-बाराची खोली पुरत नाही. म्हणजे येथेही पहिला खर्च पेटीचा येत नाही; तो चौरस फुटांचा येतो.

८. अन्योन्याश्रय आणि त्याचा उलगडा

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली अडचण पुढे मांडली पाहिजे. स्पीकर चांगला की वाईट हे आपण ध्वनिमुद्रण ऐकून ठरवतो, आणि ते ध्वनिमुद्रण चांगले की वाईट हे कोणीतरी आधी स्पीकरवरच ऐकून ठरवलेले असते. न्यायशास्त्र याला अन्योन्याश्रय म्हणते आणि दोषांत गणते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हार्मन कंपनीत ज्यांनी उभी कारकीर्द स्पीकरांच्या परीक्षेत घालवली, त्या फ्लॉइड टूल यांनी नेमक्या या चक्रावर बोट ठेवले. त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच श्रोते तेच स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा डोळ्यांनी पाहत ऐकत होते. पेट्या दिसू लागताच पसंतीचे क्रम बदलले, आणि याहून उद्बोधक गोष्ट अशी की खोलीतील जागा बदलल्याने होणारा जो फरक पडद्याआडून सर्वांना ऐकू येत होता, तो डोळे उघडताच बहुतांशी ऐकू येईनासा झाला. डोळ्यांनी कानाचा अधिकार काढून घेतला. टूल यांच्या पडद्याआडच्या चाचण्यांत निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या श्रोत्यांचे मत आश्चर्यकारकपणे जुळले: अक्षावर सपाट आणि अक्षाबाहेर सुरळीत वागणारा स्पीकर सर्वांना आवडला, मग त्याची किंमत काहीही असो.

हे चक्र तोडायचे असेल तर बाहेरचा साक्षीदार हवा, आणि तो आपल्या घरात सहज मिळतो. बीबीसीचे अभियंते शेजारच्या खोलीत माणसाला बोलायला लावून तो आवाज आणि स्पीकरमधून येणारा त्याचाच आवाज यांची तुलना करत. आपण माणसाच्या जोडीला तानपुरा घ्यावा. शेजारच्या खोलीत तो छेडावा, मायक्रोफोन लावावा, दार उघडून तानपुरा प्रत्यक्ष ऐकावा, दार बंद करून मॉनिटरमधून ऐकावा. जव्हारी किती टिकली, खर्जाची तार फुगली की वाळली, जोडीच्या तारा वेगळ्या उभ्या राहिल्या की एकमेकींत मिसळल्या, हे सांगायला कोणत्याही आलेखाची गरज पडत नाही. मग तबलजीला बोलवावे आणि डग्ग्याच्या मींडेवर तीच परीक्षा करावी. वर सांगितलेले खोलीचे सगळे दोष त्या एका मींडेत उतरणीच्या रस्त्यासारखे दिसू लागतात.

विक्रेत्याच्या सजवलेल्या खोलीतील श्रवण या कामी निरुपयोगी आहे. ती त्याची खोली आहे. दोन जोड्या काही दिवसांसाठी स्वतःच्या खोलीत आणवाव्यात, आणि विक्रेता त्याला तयार नसेल तर विक्रेता बदलावा. दोन्हींची पातळी मोजून समान करावी, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर प्रत्येकाला अधिक चांगला वाटतो. मध्ये पातळ कापडाचा पडदा धरावा आणि कोणती जोडी वाजते आहे हे दुसऱ्याने ठरवावे. यात एक रात्र जाते. पुढचे दिवस प्रत्येक जोडीवर एक गाणे सुरुवातीपासून मिक्स करावे, ते मोटारीत, फोनवर आणि एखाद्या मित्राच्या घरच्या स्पीकरवर ऐकावे, आणि किती दुरुस्त्या कराव्या लागल्या हे वहीत मांडावे. ज्या जोडीच्या पानावर कमी नोंदी, ती ठेवून घ्यावी. दुसरी तिप्पट किमतीची असली, तर वाचलेल्या रकमेतून आधी कोपऱ्यांतले थर जाड करावेत, आणि तरीही काही उरले तर तबलजीचे थकलेले मानधन द्यावे.